सर्व्हिस डॉग दारात आला तर काय विचारता येतं?

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने उबर कंपनीवर खटला भरला. सर्व्हिस डॉग, म्हणजे दिव्यांगाच्या मदतीसाठी शिकवलेला कुत्रा, बरोबर असलेल्या आणि घडीची व्हीलचेअर वापरणाऱ्या प्रवाशांना चालक गाडीत घेत नाहीत आणि कंपनी ते थांबवत नाही, असा आरोप त्यात होता. कंपनीने तो नाकारला. त्याआधी २०२१ मध्ये एका लवादाने याच कंपनीला एका अंध महिलेला वकिलांच्या खर्चासह सुमारे ११ लाख डॉलर द्यायला लावले होते. बरोबरच्या कुत्र्यामुळे तिला १४ वेळा गाडी नाकारली गेली होती किंवा त्रास दिला गेला होता. ‘चालक आमचे नोकर नाहीत, स्वतंत्र व्यावसायिक आहेत’ हा कंपनीचा बचाव लवादाला पटला नाही.

आकडे कंपनीच्या नावावर लागतात, पण ‘नाही’ म्हणणारा माणूस दाराशी उभा असतो. मोटेलच्या काउंटरवर रात्रपाळी करणारा विद्यार्थी, रेस्टॉरंटमध्ये टेबल देणारी मुलगी, शनिवार-रविवार टॅक्सी चालवणारा गृहस्थ. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत या कामांत मराठी माणसंही आहेत. त्यातल्या बहुतेकांना कोणी बसवून सांगितलेलं नसतं की कुत्रा घेऊन गिऱ्हाईक आलं तर काय विचारायचं. मग काही जण सरसकट सगळ्यांना आत सोडतात, काही सरसकट अडवतात, आणि कित्येक जण कागद मागतात. तिन्ही पद्धती चुकीच्या आहेत. कायद्याचं उत्तर पाच मिनिटांत समजण्यासारखं आहे.

सर्व्हिस डॉग कोणाला म्हणायचं?

अमेरिकेचा दिव्यांगांसाठीचा मुख्य कायदा म्हणजे ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्ट’, बोलीत एडीए. २६ जुलै १९९० रोजी राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी त्यावर सही केली. दुकान, हॉटेल, दवाखाना, सिनेमागृह, जिम, सरकारी कचेरी अशा लोकांसाठी खुल्या असलेल्या जवळजवळ सगळ्या जागा त्यात येतात. सर्व्हिस डॉगची आजची व्याख्या मात्र १५ मार्च २०११ पासून लागू झालेल्या सुधारित नियमांतली आहे. ती अशी: अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी एखादं ठरावीक काम करायला शिकवलेला कुत्रा. अपंगत्व शरीराचं असेल, दृष्टीचं, श्रवणाचं, बुद्धीचं किंवा मनाचं. २०११ च्या आधी लोक माकडं, पोपट, साप असं काहीही घेऊन येत आणि वाद होत. नव्या व्याख्येत फक्त कुत्रा उरला. एक अपवाद आहे, ठेंगण्या जातीच्या घोड्याचा. खांद्यापाशी साधारण २४ ते ३४ इंच उंचीचे हे घोडे काही अंध लोक वापरतात, आणि जागा, वजन वगैरे बघून जमत असेल तर त्यांनाही आत घ्यावं लागतं. असा प्रसंग फार विरळा, म्हणून पुढे कुत्र्याबद्दलच बोलू.

व्याख्येत वजन आहे ते ‘काम’ या शब्दाला. अंध माणसाच्या वाटाड्या कुत्र्याचं काम जवळून पाहिलं की हे कळतं. त्याच्या पाठीवर पट्ट्याला जोडलेली एक ताठ मूठ असते, मालक ती हातात धरतो. पायरीची कड आली की कुत्रा थांबतो. मालक पायाने कड चाचपतो, ‘चल’ म्हणतो, मग कुत्रा पुढे होतो. रस्ता ओलांडताना मालकाने ‘चल’ म्हटलं आणि समोरून गाडी येत असेल, तर कुत्रा जागचा हलत नाही. हुकूम कधी मोडायचा हेही त्याला शिकवलेलं असतं. अमेरिकेत हे सुरू झालं ते मॉरिस फ्रँक या नॅशव्हिलच्या अंध तरुणामुळे. १९२८ मध्ये तो स्वित्झर्लंडला जाऊन बडी नावाची कुत्री घेऊन आला आणि न्यूयॉर्कमधला वाहता रस्ता त्याने पत्रकारांसमोर तिच्याबरोबर ओलांडून दाखवला. पुढच्याच वर्षी ‘द सीइंग आय’ ही संस्था उभी राहिली. ती आज न्यू जर्सीत मॉरिसटाउनला आहे, एडिसनच्या मराठी वस्तीपासून गाडीने फार लांब नाही.

पण अंधांचा कुत्रा हा एकच प्रकार नव्हे. दारावरची बेल किंवा धुराचा भोंगा वाजला की बहिऱ्या मालकाला ढोसणारा, व्हीलचेअर ओढणारा, पडलेली वस्तू उचलून देणारा, फिट येऊ घातली की सावध करणारा, औषधाच्या वेळी पिच्छा पुरवणारा, युद्धावरून आलेल्या सैनिकाला भीतीचा झटका आला की अंगावर रेलून त्याला भानावर आणणारा, हे सगळे सर्व्हिस डॉग. गोंधळ होतो तो इथेच. यातल्या पुष्कळ मालकांकडे बघून त्यांना काही झालं आहे असं वाटतच नाही.

ते दोन प्रश्न

कुत्र्याचं काम डोळ्यांना दिसत असेल, म्हणजे तो अंध माणसाला वाट दाखवत असेल किंवा व्हीलचेअर ओढत असेल, तर काहीही विचारायचं नाही. दिसत नसेल, तर दोन प्रश्न विचारता येतात.

पहिला: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागणारा सर्व्हिस डॉग आहे का?

दुसरा: त्याला कोणतं काम करायला शिकवलं आहे?

समजा, हायवेवरचं मोटेल आहे, रात्रीचे अकरा वाजलेत. एक बाई आत येतात. त्यांच्या छातीवर, लहान बाळाला बांधतात तशी झोळी आहे आणि झोळीतून एक बारकंसं कुत्रं तोंड बाहेर काढून बघतं आहे. ना अंगावर जॅकेट, ना बिल्ला. बघणाऱ्याला वाटेल, हौसेचं कुत्रं आहे. काउंटरवरचा मुलगा विचारतो, “हा अपंगत्वामुळे लागणारा सर्व्हिस डॉग आहे का?” बाई म्हणतात, “हो.” तो विचारतो, “त्याला काय शिकवलं आहे?” बाई म्हणतात, “माझी साखर उतरायला लागली की त्याला श्वासाच्या वासावरून कळतं. तो मला पंजा मारून सांगतो.”

झालं. किल्ली द्यायची. कुत्रा झोळीत का, याचंही उत्तर मिळालं: वास यायचा तर तो तोंडाजवळ हवा. न्याय खात्याच्या माहितीपत्रकात हे झोळीचं उदाहरणच दिलेलं आहे.

आता दुसरं उत्तर बघा. “तो जवळ असला की मला बरं वाटतं.” यात शिकवलेलं काम नाही. त्या माणसाचा त्रास खरा असू शकतो, कुत्र्यामुळे मिळणारा दिलासाही खरा असू शकतो, पण एडीएच्या व्याख्येत तो कुत्रा बसत नाही. “मला झटका येणार हे त्याला आधी कळतं आणि तो मला ओढून बाजूला बसवतो” असं उत्तर आलं तर मात्र बसतो. म्हणून सगळ्यात महत्त्वाचा दुसरा प्रश्न. पहिल्याला कोणीही ‘हो’ म्हणेल. दुसऱ्याचं सरळ उत्तर त्यालाच देता येतं, ज्याचा कुत्रा खरंच काही करतो.

काय विचारायचं नाही

तुम्हाला काय झालं आहे, हे विचारायचं नाही. डॉक्टरची चिठ्ठी, प्रमाणपत्र, ओळखपत्र, लसीचा कागद मागायचा नाही. ‘करून दाखवायला सांगा’ असं म्हणायचं नाही. कुत्र्याच्या अंगावर जॅकेट हवं असा आग्रह धरायचा नाही. कुत्रा कुठे शिकला हेही बघायचं नाही, कारण कायद्याने मालक स्वतः कुत्र्याला शिकवू शकतो. जातही बघायची नाही. पिटबुल आहे म्हणून आपोआप बाहेर, असं चालत नाही.

पण कार्ड मागितलं तर बिघडलं कुठे?

आपल्याकडून आलेल्या माणसाला हे सगळ्यात जास्त खटकतं आणि मला ते समजतं. भारतात दिव्यांगांचा प्रत्येक हक्क कागदातून जातो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत आणि सवलत हवी तर यूडीआयडी कार्ड पुढे करावं लागतं. रेल्वेचं तिकीट असो की राखीव जागा, ‘कार्ड दाखवा’ म्हटल्यावर कोणी चिडत नाही. मग इथे एवढा सोवळेपणा का?

कारण ते कार्ड सवलतीसाठी असतं. सरकारच्या तिजोरीतून किंवा मोजक्या जागांतून काही द्यायचं असेल, तर तपासणी हवीच. अमेरिकेतही तसंच आहे. दिव्यांगांसाठीच्या पार्किंगचा परवाना हवा तर डॉक्टरची सही लागते, सरकारी भत्ता हवा तर कागदांचा ढीग लागतो. पण जेवायला आलेला माणूस सवलत मागत नसतो. तो तेवढेच पैसे देऊन, त्याच दाराने, सगळ्यांसारखा आत येऊ म्हणत असतो. चष्मा लावून आलेल्या माणसाला नंबराची चिठ्ठी दाखव म्हणून आपण दारात अडवत नाही, तसाच हा कुत्रा.

दुसरं कारण व्यवहाराचं. आज कार्ड मागायचं ठरलं, तर ते दिवसातून एकदा मागितलं जाणार नाही. सकाळी बसमध्ये, मग कॉफीच्या दुकानात, बँकेत, औषधाच्या दुकानात, संध्याकाळी नाटकाला. प्रत्येक दारात, रांगेतल्या अनोळखी लोकांसमोर, आपला आजार उलगडून सांगायचा. फिट येणाऱ्या किंवा मनाच्या आजाराशी झगडणाऱ्या माणसाला घराबाहेर पडणंच मुळात अवघड असतं. अशा तपासणीने त्याच्या बाहेर पडण्यालाच दंड बसतो.

तिसरं कारण पैशांचं. संस्थेत शिकून तयार झालेल्या कुत्र्यावर हजारो डॉलर खर्च होतात, आणि अशा संस्थांतून कुत्रा मिळण्यासाठी बरेचदा मोठी वाट पाहावी लागते. प्रमाणपत्र सक्तीचं केलं, तर ज्याने स्वतः महिनोन्‌महिने मेहनत करून आपला कुत्रा तयार केला तो बाहेर राहील. २०१० मध्ये नियम सुधारताना न्याय खात्यासमोर प्रमाणपत्राची मागणी आली होती. खात्याने ती मान्य केली नाही.

आणि इंटरनेटवर जी ‘सर्व्हिस डॉग नोंदणी’ मिळते, फोटो लावलेलं कार्ड, सोनेरी शिक्का, जॅकेट? तिला कायद्यात काडीची किंमत नाही. सर्व्हिस डॉगची सरकारी नोंदवही अमेरिकेत अस्तित्वातच नाही. पैसे भरले की कोणालाही कार्ड येतं, कुत्रा कोणी बघतही नाही. म्हणजे कार्ड मागणारा धंदेवाला नकळत उलटंच करतो: ज्याने खोटं कार्ड विकत घेतलं त्याला आत सोडतो आणि ज्याचा कुत्रा खरा पण कार्ड नाही त्याला बाहेर ठेवतो.

मग खोटं बोलणाऱ्यांना रान मोकळं का?

हा आक्षेप खरा आहे. हॉटेलात पाळीव कुत्र्यासाठी लागणारे पैसे वाचवायला खोटं बोलणारे लोक आहेत, आणि त्यांचा सगळ्यात मोठा फटका दिव्यांगांनाच बसतो. न शिकवलेला कुत्रा दुकानात खऱ्या सर्व्हिस डॉगवर भुंकला किंवा धावून गेला, तर खरा कुत्रा बिथरतो, आणि त्याच्यावर विसंबलेल्या माणसाचा आधारच सुटतो.

त्यावर कायद्याने धंदेवाल्याच्या हातात दिलेलं साधन म्हणजे कुत्र्याचं वागणं. दोन कारणांनी कुत्र्याला, तो खरा सर्व्हिस डॉग असला तरी, बाहेर न्यायला सांगता येतं. एक, तो आवाक्याबाहेर गेला आहे आणि मालक त्याला आवरत नाही. दोन, त्याला घाण कुठे करायची याची शिस्त नाही. कुत्रा पट्ट्याने बांधलेला असलाच पाहिजे. पट्टा त्याच्या कामाच्या आड येत असेल किंवा अपंगत्वामुळे मालकाला तो धरता येत नसेल, तर निदान हाकेच्या किंवा खुणेच्या धाकात हवा. एकदा भुंकला म्हणून लगेच हाकलायचं नाही. कोणी त्याच्या शेपटीवर पाय दिला असेल. पण नाटक चालू असताना सारखा भुंकतो आहे, इतरांच्या ताटात तोंड घालतो आहे, या टेबलावरून त्या टेबलाकडे धावतो आहे, तर सभ्यपणे ‘कुत्र्याला बाहेर न्या’ म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. मात्र माणसाला हाकलायचं नाही. कुत्र्याशिवाय तुम्ही परत या, तुम्हाला वाढतो, हे सांगणं बंधनकारक आहे.

शिकवलेला कुत्रा ओळखणं तसं अवघड नसतं. रेस्टॉरंटमध्ये तो मालकाच्या पायाशी टेबलाखाली अंग चोरून झोपतो, शेपूटही वाटेत येऊ देत नाही. बाजूच्या टेबलावरून कबाबाचा वास आला तरी जागेवरून उठत नाही. जेवण संपवून लोक उठतात तेव्हा शेजारच्यांना कळतं की इथे कुत्रा होता.

शिवाय बऱ्याच राज्यांत खोटं सांगणं हा गुन्हा आहे. कॅलिफोर्नियात सहा महिन्यांपर्यंत तुरुंग किंवा १,००० डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. फ्लोरिडात शिक्षेबरोबर दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्थेत ३० तास सेवा करावी लागते. ती चौकशी पोलिसांनी करायची. काउंटरवरच्या माणसाने फौजदार व्हायचं नाही.

“आमच्याकडे अन्न असतं, स्वच्छतेचं काय?”

जिथे गिऱ्हाईक जातं तिथे सर्व्हिस डॉग जातो. आरोग्य खात्याचा ‘प्राण्यांना मनाई’ हा नियम त्याला लागत नाही. स्वयंपाकघरात गिऱ्हाईकच जात नाही, तेव्हा तो प्रश्न येत नाही. भारतीय रेस्टॉरंटवाल्यांना हमखास पडणारा प्रश्न दुपारच्या बुफेचा. रांगेतही कुत्रा मालकाबरोबर येऊ शकतो. पण त्याला खुर्चीवर बसवायचं किंवा टेबलावरून भरवायचं, हे तुम्ही चालवून घ्यायची गरज नाही. पोहण्याच्या तलावाचंही तसंच: काठावर हो, पाण्यात नाही. हॉस्पिटलमध्ये वॉर्डात, ओपीडीत हो. ऑपरेशन थिएटर किंवा भाजलेल्यांचा कक्ष अशा निर्जंतुक जागेत नाही.

“दुसऱ्या गिऱ्हाइकाला कुत्र्याची अ‍ॅलर्जी आहे, कोणाला भीती वाटते.” या दोन्ही कारणांनी कुत्र्याला नाकारता येत नाही. दोघांना लांबच्या टेबलांवर बसवा, वेगळ्या खोल्या द्या. कुत्रं म्हटलं की दचकणारे लोक आपल्यात पुष्कळ आहेत, आणि त्या भीतीला हसण्यात अर्थ नाही. पण त्यातून वाट काढायची ती दोघांनाही जागा देऊन.

पैशांचा प्रश्न हॉटेलवाले नक्की विचारतात. पाळीव प्राण्यांसाठी तुम्ही ५० डॉलर घेत असाल, तर ते सर्व्हिस डॉगसाठी घेता येत नाहीत. अनामत नाही, गळलेले केस साफ करण्याचे पैसेही नाहीत. पण कुत्र्याने गादी फाडली आणि गादी फाडणाऱ्या कोणत्याही गिऱ्हाइकाकडून तुम्ही भरपाई घेता, तर इथेही घ्या. ‘कुत्रेवाल्यांच्या खोल्या’ म्हणून कोपऱ्यातली खोली त्यांच्या गळ्यात मारता येत नाही. उलट पाहुण्यानेही कुत्र्याला खोलीत एकटा सोडून जेवायला निघून जायचं नसतं. कुत्रा सतत त्याच्या ताब्यात हवा.

विमानात आणि घरात वेगळे नियम कसे?

कारण ते वेगळे कायदे आहेत. विमानप्रवास १९८६ च्या स्वतंत्र कायद्याखाली येतो. तिथे जानेवारी २०२१ पासून नियम बदलले: नुसत्या भावनिक आधारासाठी नेलेल्या प्राण्याला सर्व्हिस डॉगसारखी वागणूक देणं विमान कंपन्यांवर बंधनकारक राहिलं नाही, आणि सर्व्हिस डॉगसाठीही कंपनी सरकारी नमुन्यातला फॉर्म मागू शकते. घरभाड्याचा कायदा उलट जास्त उदार आहे. भावनिक आधाराच्या प्राण्यालाही घरमालकाने बहुधा परवानगी द्यावी लागते. त्यामुळे ‘माझ्या अपार्टमेंटमध्ये चालतो, तुमच्या रेस्टॉरंटमध्ये का नाही?’ असं विचारणारा माणूस खोटं बोलत असेलच असं नाही. त्याला दोन कायद्यांतला फरक माहीत नसतो. शांतपणे सांगितलं की पटतं.

आणि देवळात?

धार्मिक संस्थांना एडीएचा हा भाग लागू नाही. चर्च, मशीद, गुरुद्वारा, आपली मंदिरं यांना सर्व्हिस डॉग आत घेण्याची केंद्रीय सक्ती नाही. एखाद्या राज्याचा कायदा वेगळा असू शकतो. पण मंडळाचा गणपती सरकारी शाळेच्या सभागृहात बसला असेल, तर ‘हा आमचा धार्मिक कार्यक्रम’ म्हणून हात झटकण्याआधी शाळेशी बोलून घ्यावं, कारण ती जागा कायद्याच्या कक्षेत आहे. माझं मत विचाराल तर सक्ती नसली तरी मंदिरांनी दार उघडं ठेवावं. आरतीच्या वेळी मागच्या भिंतीशी शांत बसलेल्या कुत्र्याने कशाचा विटाळ होत नाही, आणि त्याच्या मालकाला दर्शन मिळतं.

नाही म्हटलं तर काय होतं?

कॅलिफोर्नियात राज्याच्या कायद्याने प्रत्येक उल्लंघनामागे किमान ४,००० डॉलर भरपाई मागता येते. केंद्र सरकारने स्वतः दावा केला तर पहिल्याच उल्लंघनाच्या दंडाची कमाल मर्यादा आज १ लाख डॉलरच्या वर आहे. एवढा दंड प्रत्येकाला होत नाही. पण छोट्या मोटेलला वकिलाचा खर्चही पुष्कळ होतो, आणि पुष्कळ तक्रारी कोणा एकाने घाईत ‘नो डॉग्ज’ म्हटल्यामुळे सुरू होतात. नव्या माणसाला कामावर घेताना गल्ला कसा मिटवायचा हे शिकवता, त्याच दिवशी हे दोन प्रश्न पाठ करून घ्या. ते त्याच शब्दांत विचारायला सांगा, कारण आपल्या शब्दांत विचारायला गेलं की ‘तुम्हाला काय होतंय?’ तोंडातून निघून जातं. अडलं तर न्याय खात्याची एडीए मदतवाहिनी ८००-५१४-०३०१ या क्रमांकावर फुकट माहिती देते, नाव-गाव न विचारता.

तुम्ही स्वतः दिव्यांग असाल, किंवा घरातल्या कोणाबरोबर सर्व्हिस डॉग असेल, तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात तयार ठेवा. ‘तो मला आवाजाची सूचना देतो’, ‘तो माझा तोल सांभाळतो’ एवढं पुरतं. आजाराचं नाव सांगायची गरज नाही. तरीही अडवलं तर आधी मॅनेजरला बोलवायला सांगा, कारण पुष्कळदा समोरच्याला नियम माहीत नसतो एवढंच असतं. मॅनेजरही ऐकत नसेल तर तारीख, वेळ आणि कोण काय म्हणालं ते तिथल्या तिथे लिहून ठेवा. न्याय खात्याकडे तक्रार ऑनलाइन करता येते, त्यासाठी वकील लागत नाही.